अर्धं सूत जास्त

पेटी मला येते.
लाकूड जुन्या मागांचं, बंद कारखान्यातून
किलोवर उचललेलं सागवान.
रंधा फिरला की अजून त्यातून
खळीचा आंबूस वास सुटतो.
कोपरे खिळ्याविना धरतात,
झाकण मिटताना श्वास सोडल्यासारखा आवाज येतो.
तिथवर माझं.

आतली गादी मला येत नव्हती.

अंगठ्यांसाठी लोळ्या लागतात,
एकीला एक खेटून,
की मधल्या फटीत अंगठी कमरेपर्यंत बुडावी
आणि उभी राहावी.
सांगायला सोपं.
पहिल्या पेटीत फोम घातला.
अक्कलकोट रोडला, पत्र्याखाली,
दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा झाला.
दुसरीत डिंक मखमलीतून वर आला,
दुपट्यावर दूध सुकावं तसा.
तिसरीत अंगठ्या झोपल्या,
सगळ्या, एकाच कुशीवर.

समोरच्या दारात राजमणी गज्जम.
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू,
एकोणतीस वर्षं, दिवसाला हजार विड्या.
तिनं मान वर न करता बघितलं.
"काय करायलाव मामा?
वळतात काय असं?"

उठून आली. फोम दारामागं टाकला.
लेकाच्या कारखान्यातून
टॉवेलच्या कातरणीचं गाठोडं आणलं.
पट्टी पसरली, टोकावर अंगठा ठेवला
आणि लोळी झाली.
मी समोर बसून बघत होतो,
तरी मला मधलं काही दिसलं नाही.

"दोरा?"
"दोरा शेवटाला. घट्ट बोटांनी करायचं.
दोऱ्यानं नुसतं सांगायचं, उलगडू नको."

मखमल तिनं गालावरून फिरवली,
एकदा अशी, एकदा तशी,
लव कुठं निजते ते कळेपर्यंत.
मग पत्र्याचा फर्मा मागितला,
पानं कापायला असतो तसाच, जरा मोठा.
तेवढं मला जमलं.

मापावर अडलं.
मी म्हटलं, पेटी आतून सहा इंच, लोळी सहा इंच.
"नको. अर्धं सूत जास्त."
माझं सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा.
तिचं सूत सासऱ्याच्या मागावरचं,
ओलं, पिळलेलं, वाळत घातलेलं.
कुठलं सूत, ते मी विचारलं नाही.
फर्मा थोडा वाढवला.
बाराव्या फटीपर्यंत लोळ्या दाबून बसल्या,
विजापूरच्या शेवटच्या एसटीत
माणसं बसतात तशा,
डिंकाचा थेंब न लावता.

"आता अंगठी घालून बघा."
"तुझी दे."
तिनं दोन्ही हात पुढं केले.
नखं अर्ध्यापर्यंत पिवळी,
दहाही बोटं मोकळी.
"अंगठीनं पान फाटतंय, मामा."
मग मागाच्या सामानातला एक नट शोधला,
रॉकेलनं पुसला, फटीत खोवला.
पेटी उलटी धरली. हलवली.
नट हलला नाही.
तेव्हा ती हसली, आणि लगेच हिशेबाला लागली:
"हजाराला काय देणार?"
"हजार नाहीत गं. तेराच लोळ्या."
कुठलीही वस्तू तेरा करून थांबायची,
हे तिला दोनदा सांगावं लागलं.

"फटी बारा. बोटं किती असतात या बाईला?"
असं म्हणत सूप मांडीवर घेतलं.
संध्याकाळपर्यंत विड्यांचा कोटा भरायचा होता.

पेटी पुण्याला गेली.
चौथ्या दिवशी फोन:
काम छान आहे, पण पहिल्या फटीत
हे लोखंडाचं काय?
मी दाराकडं बघितलं.
राजमणीचे हात चालू होते,
पान, चिमूट, वळसा, दोरा.
म्हटलं, राहू द्या.
पहिली अंगठी येईपर्यंत
जागा धरून ठेवलीय.